दुभाष्याच्या भरवशावर

तोलेदो शहराचा काझी साइद अल-अंदलुसी याने १०६८ साली अरबीत एक ग्रंथ लिहिला. जगातल्या कोणकोणत्या लोकांनी शास्त्रांची जोपासना केली याचा हिशेब त्यात आहे, आणि त्या हिशेबात पहिला मान हिंदुस्थानचा आहे. या गृहस्थाने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. इथले गणित आणि ज्योतिष त्याच्यापर्यंत पोचले ते बगदादमार्गे, परक्या भाषांचे उंबरे ओलांडत. आपले अंक तर त्याच्याही आधी, ९७६ साली, उत्तर स्पेनमधल्या आल्बेल्दाच्या मठातील एका लॅटिन हस्तलिखितात उतरले होते. युरोपातला त्यांचा तोच सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. १०८५ साली तोलेदो ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, पण जिंकलेल्यांचे ग्रंथ वाचायचे असतात एवढे शहाणपण त्या काळाने दाखवले. पुढची दोन शतके ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती पंडित मांडीला मांडी लावून अरबी ग्रंथ आधी लॅटिनमध्ये आणि मग लोकांच्या कास्तेलियन बोलीत आणत राहिले. १२५१ साली ‘कलीला आणि दिम्ना’ कास्तेलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशच्या जुन्या रूपात, उतरले. कलीला आणि दिम्ना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. स्पॅनिश कथागद्याच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. म्हणजे जिला आपण परकी म्हणतो त्या भाषेच्या बाळगुटीत विष्णुशर्म्याचा अंश आहे.

बाराव्या शतकात, तोलेदोत ही भाषांतरे चालू असताना, सोन्नलगीत म्हणजे आजच्या सोलापुरात सिद्धरामेश्वर कन्नडमधून वचने रचत होते. या दोन गावांची एकमेकांशी ओळख असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही त्यांना शेजारी ठेवून पाहावेसे वाटते, कारण तोलेदोसारखेच सोलापूरही पुढे अनेक भाषांच्या संगतीत वाढले. पूर्व भागातल्या विणकराच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोट-विजापूरकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड आणि शेजारच्या मोहल्ल्यात दख्खनी, असा या गावाचा दिवस असतो. अशा गावातल्या विद्यापीठात स्पॅनिश भाषा, तिचे साहित्य आणि तिची संस्कृती रीतसर शिकवावी असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न येतो तो ‘कशाला?’ हा. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवणाऱ्या पालकाचा तो प्रश्न आहे. त्याला उत्तर दिलेच पाहिजे. माझ्या मते ते उत्तर नोकऱ्यांच्या जाहिरातींपेक्षा जुन्या दफ्तरांत अधिक स्पष्ट सापडते. परक्यांशी देवघेव आपण नेहमीच केली, त्यांची भाषा मात्र दुभाष्यावर सोपवून मोकळे झालो, आणि ज्या ज्या समाजाने असे केले त्याला पुढे स्वतःचेच कागद वाचायला दुसऱ्याच्या दारात जावे लागले.

तोलेदोचे शहाणपण खुद्द स्पेनला टिकवता आले नाही. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचे शेवटचे मुसलमानी राज्य इसाबेला आणि फर्नांदो यांनी घेतले. ग्रानादा हा स्पॅनिशमध्ये डाळिंबाचाही शब्द. विजयाची खूण म्हणून त्या राजदांपत्याने आपल्या राजचिन्हात डाळिंब घातले आणि ते आजही स्पेनच्या राजचिन्हाच्या तळाशी आहे. (डाळिंबे पिकवणाऱ्या सोलापूरकराने ते चिन्ह एकदा निरखून पाहावे.) त्याच वर्षी ज्यूंना देशाबाहेर काढले गेले, कोलंबसाची जहाजे निघाली आणि आंतोनियो दे नेब्रिखाने कास्तेलियन भाषेचे पहिले छापील व्याकरण राणीला अर्पण करताना भाषा आणि साम्राज्य यांची जोडी जुळवून दाखवली. साम्राज्याची भाषा ठरली तशा बाकीच्या भाषा संशयिताच्या रांगेत गेल्या. शतक पालटण्याच्या सुमारास ग्रानादाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली, १५६७ साली दुसऱ्या फिलिप राजाने अरबी बोलण्या-लिहिण्यावरच बंदी घातली आणि १६०९ पासून धर्मांतर केलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही, मोरिस्को म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांना, हद्दपार केले गेले. या हद्दपारीच्या आधी चारच वर्षे, १६०५ साली, सर्व्हान्तेसची ‘दोन किखोते’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात निवेदकाला तोलेदोच्या बाजारात जुनी अरबी बाडे सापडतात, त्याला ती वाचता येत नाहीत, आणि तो एका मोरिस्कोला गाठून ती वाचून घेतो. स्पॅनिश साहित्यातला सर्वांत थोर ग्रंथ आपण भाषांतर असल्याचे सांगत उभा राहतो, आणि तो ज्यांनी वाचून दाखवला त्या माणसांना काही वर्षांतच देश घालवून देतो. १६१२ साली मोरोक्कोच्या सुलतानाचा ग्रंथसंग्रह स्पॅनिश जहाजांच्या हाती लागला आणि एस्कोरियलच्या मठात ठेवला गेला. त्या अरबी ग्रंथांची रीतसर छापील सूची निघाली ती १७६० ते १७७० या दशकात, आणि ती करायला मिगेल कासिरी हा पूर्वेकडचा मारोनी पाद्री लागला. ज्या देशात सातशे वर्षे अरबी बोलली गेली, त्या देशाची ही अवस्था.

आता आपल्या बाजूला येऊ. चांदबिबीच्या लग्नात सोलापूरचा किल्ला निजामशाहीकडून आदिलशाहीकडे आंदण म्हणून गेला. पुढे १५७०-७१ मध्ये याच दोन शाह्यांनी एक होऊन गोव्याला आणि चौलला पोर्तुगीजांविरुद्ध वेढे घातले आणि दोन्ही वेढे फसले. १५८० साली पोर्तुगालची गादी दुसऱ्या फिलिपकडे गेली. त्यानंतर १६४० पर्यंत, पुरी साठ वर्षे, गोवा, चौल आणि वसई येथील कारभार पोर्तुगीज हातांनी चालला तरी त्यावरचा राजा माद्रिदचा होता. म्हणजे सोलापूर ज्या आदिलशाहीत होते तिच्या पश्चिम हद्दीला स्पेनच्या राजाचे राज्य लागून होते. आपल्या शालेय इतिहासात हे वाक्य कुठे भेटत नाही. पण याच काळात आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या खाणीची चांदी रिआल नाण्यांच्या रूपाने सुरतेला येऊन टांकसाळीत वितळत होती आणि रुपया होऊन दख्खनच्या बाजारात फिरत होती.

चांदीबरोबर बियाणे आले. सोलापूरची शेंगाचटणी घ्या; गावाची ओळख म्हणून आपण ती पाहुण्यांच्या हाती देतो. तिच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा आणि मिरची मेक्सिकोकडची. पेरूही तिकडचाच. बटाटा आणि पपई हे शब्द कॅरिबियन बेटांवरच्या लोकांच्या तोंडचे, चिकू हा मेक्सिकोच्या नाहुआ लोकांचा. स्पॅनिश आणि पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून घासत घासत ते आपल्या मंडईत आले. हे सगळे पचवून आपलेसे करण्याची आपली ताकद अफाट आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो. पण वस्तू घेताना तिच्यामागच्या माणसांची विचारपूस करण्याची गरज आपल्याला वाटली नाही, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे.

पलीकडून आलेल्यांना ती वाटली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, कोकणी आणि मराठी शिकला, संतांची ओवी त्याने इतकी आत्मसात केली की १६१६ साली रायतूरला छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हक्काने बसले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे लपवण्याचे कारण नाही. पण भाषा, तिचे साहित्य आणि ती बोलणाऱ्यांची रीतभात या तिन्ही गोष्टी एकत्र शिकल्याशिवाय त्याला तो हेतू साधता आला नसता. गोव्याच्या सरकारने तर आपल्या दरबारात दुभाष्याचे खास पद निर्माण केले होते आणि त्यावर बहुधा आपल्यातलीच हुशार माणसे बसवली होती. आपल्या दरबारी अशी काही व्यवस्था उभी राहिलेली दिसत नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकर, म्हणजे युरोपीय, हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागे राज्ये आहेत, असा स्पष्ट इशारा दिला. पण त्या राज्यांची भाषा शिकून त्यांची अंतरे जाणावीत हे पुढचे पाऊल कोणी टाकले नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हत्तीवरून चर्चच्या घंटा मिरवत आणल्या आणि त्या भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगल्या गेल्या. पराक्रमाची ती खूण आजही घुमते. त्या घंटांवर ओतलेली अक्षरे मात्र आपण कितीएक पिढ्या वाचली नाहीत.

इंग्रजी अमदानीत भाषा शिकण्याची हौस आली, पण एकाच भाषेची. इंग्रजीने आपल्याला जे दिले त्याचे ऋण मोठे आहे. तिने एक सवयही लावली. जग म्हणजे इंग्रजीतून दिसते तेवढेच, अशी आपली समजूत झाली आणि दुभाषा बदलला तरी दुभाष्यावरचे अवलंबन तसेच राहिले.

या सरधोपट वाटेपासून फुटलेला एक माणूस विदर्भाचा होता. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीचे एक संस्थापक; अमेरिकेत शेतीचे शिक्षण घेतलेले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढलेले. मायदेशाचे दार बंद असताना १९२४ साली ते मेक्सिकोला पोचले. तिथे राज्यक्रांतीनंतर जमिनीचे वाटप चालले होते आणि शेतकऱ्याला शास्त्र शिकवणारी माणसे हवी होती. खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या आणि मका व गहू यांवर संशोधन केले. हे सारे स्पॅनिशमधून. दिएगो रिवेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात भाकरी वाटणारा माणूस म्हणून त्यांचा चेहरा आहे. त्यांनी अभ्यासलेल्या एका मक्यावर त्यांनी स्पॅनिशमध्ये पुस्तक लिहिले. त्या मक्याचे नाव ‘माईस ग्रानादा’, म्हणजे डाळिंबी मका. चापिंगोच्या शेतकऱ्याने एका वैदर्भीय माणसाला आपला मानले, कारण तो त्याच्या बांधावर त्याच्या भाषेत बोलत होता.

खानखोजे स्वातंत्र्यानंतर परतले आणि नागपुरात राहिले. १९६६ साली, दुष्काळाच्या छायेत, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. हरितक्रांतीची सुरुवात आपण त्या जहाजांपासून मोजतो. त्या बियाण्यातल्या मुख्य जातीचे नाव इंग्रजी अक्षरांवरून आपण ‘लेर्मा रोजो’ असे वाचले. लेर्मा ही मेक्सिकोतली नदी आणि रोखो म्हणजे तांबडा. त्या गव्हाचा दाणा तांबूस होता आणि पांढऱ्या गव्हाच्या पोळीची सवय असलेल्या आपल्या घरांना तो रुचला नाही, म्हणून पुढे शास्त्रज्ञांना मेक्सिकोच्याच सोनोरा जातीपासून ‘शरबती सोनोरा’ तयार करावा लागला. पिशवीवरच्या नावातच रंग लिहिलेला होता. तो शब्द कळणारा, मेक्सिकोच्या मातीत मका आणि गहू पेरून तिथल्या शेतकऱ्यांना शिकवलेला मराठी माणूस त्या वेळी नागपुरात हयात होता. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. वीणा गवाणकरांनी त्यांचे चरित्र लिहिले म्हणून मराठी घरांत त्यांचे नाव तरी पोचले. ही गोष्ट मला अतिशय बोचते. आपल्याकडे माणूस नव्हता अशातला भाग नाही. अशा माणसाच्या ज्ञानाला बसवायला कुठल्या विद्यापीठात जागा नव्हती.

सोलापूरला असा दुसरा माणूस दूर शोधावा लागत नाही. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे सहकारी यथाकाल परतले. कोटणीस राहिले, चिनी भाषा बोलायला, वाचायला, लिहायला शिकले, आणि त्या भाषेतून युद्धभूमीच्या मागे शल्यचिकित्सेचे पाठ देऊ लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. चीनमध्ये त्यांची समाधी आणि पुतळे आहेत, सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक आहे, शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांच्या त्यागाचे आपण गोडवे गातो आणि ते योग्यच आहे. पण तो त्याग ज्या कष्टाने फळाला आला तो परक्या लिपीचा रोजचा अभ्यास आपल्या आठवणीतून गळून गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेत शिकवण्याजोग्या परकी भाषांची नावे घेतली आहेत. कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. कोटणीसांची चिनी त्या नावांत नाही. शेजाऱ्याशी बिघडले म्हणून त्याची भाषा वगळणे म्हणजे ग्रानादानंतरच्या स्पेनच्या वाटेने जाणे होय.

या वाटेचा अगदी जवळचा दाखला गोव्यात आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तो व्हायलाच हवा होता. पोर्तुगीज ही जुलमाची भाषा म्हणून बाजूला पडली, तेही समजण्यासारखे आहे. १६८४ साली याच सत्तेने गोमंतकीयांच्या बोलीवर बंदीचा हुकूम काढला होता. पण घरांचे, जमिनींचे, जन्मांचे कागद त्याच भाषेत होते आणि विवाह व वारसा यांचा कायदाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात चालू राहिली, आणि तिचे अधिकृत इंग्रजी भाषांतर सरकारने प्रसिद्ध केले ते २०१८ साली. सत्तावन्न वर्षे एक समाज ज्या कायद्याखाली नांदला तो कायदा त्याच्या नव्या पिढ्यांना वाचता येत नव्हता. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीचे दफ्तर मुळातून वाचले नसते तर शिवाजी-संभाजींच्या आणि पेशव्यांच्या इतिहासाची कितीतरी पाने आपल्याला मुकी राहिली असती. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ १९६७ साली पुणे विद्यापीठाने काढले; त्या तोडीची माणसे त्यानंतर बोटांवर मोजण्याइतकी. आणि परक्या भाषेचेच कशाला बोलावे? मोडी ही तर आपलीच लिपी. छपाईच्या सोयीसाठी आपण ती सोडली आणि आज पणजोबांचे खत वाचून घ्यायला जिल्ह्यात मोडीवाचक शोधत फिरतो.

आज स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे आणि सुमारे पन्नास कोटी माणसांची मातृभाषा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत विद्यापीठाचा परकी भाषांचा विभाग ती शिकवतो. पदवीपासून संशोधनापर्यंतचा सलग अभ्यास म्हटला की दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकी भाषांचे विद्यापीठ ही नावे येतात. बाकी ठिकाणी शिकवणी वर्ग, मोबाइलवरचे धडे आणि सहा महिन्यांची प्रमाणपत्रे. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यातून पोरांना काम मिळते. पण ज्याला फक्त पावती आणि पत्ता वाचता येतो तो दुसऱ्याच्या पेढीवरचा दुभाषाच राहतो. यंत्राच्या भाषांतराने आता सगळे सुटले असे म्हणणाऱ्यांनाही मी हेच म्हणेन. ते यंत्रही दुभाषाच आहे, त्याचा धनी दूरदेशी आहे, आणि ते कुठे चुकले हे ओळखायला ती भाषा जाणणारा माणूस आपल्या घरात लागतो.

साहित्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक उघडी पडते. लोर्का, नेरूदा, गार्सिया मार्केस मराठीत आले ते बहुतेक इंग्रजीच्या ओसरीवरून. लोर्काच्या ‘येर्मा’वरून झालेल्या ‘चांगुणा’ने निपुत्रिक बाईचे दुःख मराठी रंगभूमीवर सहज रुजवले, कारण आंदालुसियाचे ते उन्हाने भाजलेले गाव आणि आपले माणदेशी गाव यांत अंतर फार नाही. उलट दिशेने पाहिले तर रवींद्रनाथही स्पॅनिशमध्ये असेच गेले. सेनोबिया काम्प्रुबी इंग्रजीवरून भाषांतर करी आणि तिचा नवरा, पुढे १९५६ चे नोबेल मिळालेला कवी हुआन रामोन हिमेनेस, त्याला स्पॅनिशचा घाट देई. दोन्हीकडचे शब्द लंडनवरून वळसा घालून आले. ओक्तावियो पास सहा वर्षे दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता; त्याने भारत आपल्या डोळ्यांनी पाहिला आणि स्पॅनिशमध्ये लिहिला. त्याला त्याच्या भाषेत उत्तर देईल असा मराठी अभ्यासक आपण घडवला का? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तुकोबा थेट मराठीतून स्पॅनिशमध्ये नेण्यासाठी दोन्ही भाषांत मुरलेला माणूस लागतो, आणि तसा माणूस तयार होण्याचे ठिकाण विद्यापीठच आहे.

सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले, आज ते अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते. अहिल्यादेवींनी घाट आणि देवळे बांधली ती आपल्या राज्याच्या हद्दीत मावणारी नव्हती. काशीपासून रामेश्वरापर्यंत पसरली होती. या विद्यापीठात स्पॅनिशचा एक लहान विभाग निघावा, त्यात भाषेबरोबर साहित्य आणि इतिहास शिकवला जावा, पोर्तुगीजचे एक वर्ष जोडावे म्हणजे गोव्याचे दफ्तर वाचता येईल, आणि त्याच विद्यार्थ्याला मोडीही यावी. तीन-चार भाषांत वाढलेल्या पूर्व भागातल्या पोरीला पाचवी भाषा जड जाणार नाही. तिच्या कानाला एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना भाषा बदलण्याची सवय जन्मापासून आहे. शिक्षक आणावे लागतील, पहिल्या काही वर्षांत वर्ग रिकामे दिसतील आणि हिशेब तपासणारे प्रश्न विचारतील. तोलेदोतही पहिल्या पिढीला एका ग्रंथासाठी दोन माणसे बसवावी लागत; एक अरबी वाचून बोलीत सांगे आणि दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवी.

विद्यापीठ केगावात आहे. २००५ साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही केगावातच, पुणे रस्त्याला. तिथे भगव्या डाळिंबावरच्या तेल्या रोगाशी झुंज चालू आहे. तिकडे स्पेनच्या एल्चे परिसरात त्याच फळावर तिथल्या शेतकऱ्यांची आणि अभ्यासकांची हयात गेली आहे आणि त्यांच्या बांधावर स्पॅनिश चालते. केगावातल्या विद्यापीठ आणि डाळिंब केंद्र या दोन आवारांमधले अंतर चालत जाण्याइतके आहे. खानखोज्यांचे ‘माईस ग्रानादा’ या विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थिनीने मुळातून वाचावे, एवढ्यासाठी चार वर्षांचा अभ्यास लागेल, आणि त्याचे पहिले वर्ष येत्या जूनपासून धरता येईल.